किल्ल्याच्या दारातले पाणी: दौलताबाद १९३४, अंबागड आणि कचारगड

महाराष्ट्रात किल्ला पाहण्याची एक ठरलेली रीत झाली आहे. गाडीला झेंडा बांधायचा, पायथ्याशी घोषणा द्यायच्या, बुरुजावर उभे राहून फोटो काढायचे आणि खाली उतरून तर्री-पोहे खायचे. किल्ला कोणाचा होता, कोणी बांधला, दगड कोणाच्या डोक्यावरून वर गेले, हे कोणी विचारत नाही. सगळे किल्ले एकाच राजाचे, एकाच जातीचे, एकाच रंगाचे. आमच्या भंडारा जिल्ह्यातला अंबागड गोंड राजवटीत एका पठाण सरदाराने बांधला, हे तुमसर तालुक्यातल्याच दहावी पास पोराला विचारा. सांगता येणार नाही. त्याचा दोष नाही, त्याला ते कोणी शिकवलेच नाही.

आम्ही सिहोरा आणि आजूबाजूच्या गावांतले सव्वीस जण या हिवाळ्याच्या शेवटी दोन दिवसांच्या सहलीला गेलो. पहिला दिवस अंबागड, दुसरा दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची नैसर्गिक गुहा. कॉलेजची मुले-मुली होती, दोन शिक्षक होते, अंगणवाडी सेविका होत्या, आणि मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, जे चढणीवर सगळ्यांच्या पुढे होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही विहारात बसून बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणातले एकच प्रकरण वाचले. सहलीला जाणाऱ्या माणसांनी सहलीचेच प्रकरण वाचले. या लेखाचा खरा विषय तेच आहे.

१९३४ साल. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली की आपण मिळून कुठे तरी फिरायला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचे ठरले. नाशिकहून निघून येवल्यामार्गे औरंगाबाद गाठायचे होते. वाटेत दौलताबाद लागते, तेव्हा यादवांची ती राजधानी, रामदेवरावाचा तो किल्ला पाहिल्याशिवाय पुढे कसे जायचे, म्हणून तोही कार्यक्रमात आला. जवळपास तीस माणसे होती, भाड्याच्या बस आणि मोटारी होत्या. आता इथे थांबून एक गोष्ट नीट पाहा. या सहलीची कुठेही जाहिरात केली नव्हती. मुद्दामच. आपण कोण आहोत हे वाटेतल्या गावांना कळू न देता, फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना कळवून हा प्रवास चालला होता. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानासमोर बसून आलेला माणूस, आणि आपल्याच देशात लेणी पाहायला लपून जातो! पुणे करार होऊन दोन वर्षे झाली होती. हरिजन सेवेचा गाजावाजा देशभर चालू होता.

दौलताबादच्या वेशीजवळ आपली माणसे वाट पाहत उभी होती. आधी चहापाणी करा, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. पण दिवस मावळायच्या आत किल्ला पाहायचा होता, म्हणून परत येताना चहा घेऊ असे सांगून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता, सभोवती रुंद फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने तोंडे, कपडे माखलेले. काहींनी त्या फरसबंदीवर हौदातल्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. मग सगळे दाराशी गेले. तिथे हत्यारबंद पहारेकरी. आत जाण्याची परवानगी कशी काढायची हे विचारत असतानाच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला, की ढेडांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली. रमजानचा महिना होता. शिव्या सुरू झाल्या. ढेड माजले, आपली पायरी विसरले, यांना धडा शिकवला पाहिजे, असा एकूण सूर.

बाबासाहेबांनी सांगून पाहिले की आम्ही बाहेरगावचे आहोत, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही. त्यावर जमावाने मोहरा वळवला तो गावातल्या अस्पृश्यांकडे. पाहुण्यांना तुम्ही सांगितले का नाही? बिचारे हौदापाशी नव्हतेच मुळी. तरी राग त्यांच्यावर, कारण पाहुणे उद्या निघून जाणार होते आणि हे इथेच राहणार होते. सामाजिक कार्यात ज्यांनी थोडीफार वर्षे काढली आहेत त्यांना हे दृश्य नवीन नाही. बाहेरचा कार्यकर्ता बोलून जातो आणि मार गावातल्या माणसाला बसतो. शेवटी बाबासाहेबांनी काहीशा संतापानेच विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही का? जमाव गप्प झाला. मग पहारेकरी आत जाऊन वरिष्ठाला विचारून आला. किल्ला पाहायला मिळेल, पण आतल्या कुठल्याही पाण्याला हात लावायचा नाही. आणि हे पाळले जाते की नाही ते बघायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

देवगिरीच्या किल्ल्यात पाणी काही थोडेथोडके नाही. कातळ फोडून काढलेला खंदक आहे, हत्ती हौद आहे, विहिरी आहेत. किल्ला जिंकायला शत्रूला किती कष्ट पडत हे गाइड आजही रंगवून सांगतात. अंधारी मार्ग, तोफा, १२९६ ची अल्लाउद्दीनाची स्वारी, १३२७ ला महंमद तुघलकाने हलवलेली राजधानी, चाँद मिनार, सगळे सांगतात. १९३४ साली तीस निःशस्त्र पर्यटकांमागे बंदूक घेऊन एक शिपाई फिरत होता, तो शत्रूपासून किल्ल्याचे रक्षण करायला नव्हे, पाण्याचे रक्षण करायला, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही. आम्हाला विचाराल तर त्या हौदापाशी चार ओळींचा एक फलक असायला हवा. पुरातत्त्वाच्या नियमात हे बसते की नाही, हा प्रश्न नंतरचा.

या प्रसंगाचा आता एक नवाच वापर सुरू झाला आहे. आयुष्यात बाबासाहेबांचे एक पान न वाचलेली मंडळी दौलताबादचे पान बरोबर काढून आमच्या तोंडासमोर धरतात. बघा, मुसलमानांनी तुमच्या बाबासाहेबांना पाणी घेऊ दिले नाही, मग तुम्ही त्यांच्या बाजूने का बोलता? हा युक्तिवाद करणाऱ्याने त्या टिपणातली बाकीची प्रकरणे मुद्दाम मिटलेली असतात. मसूरच्या स्टेशनवर लहानग्या भीमाला आणि त्याच्या भावंडांना गाडी द्यायला नकार देणारे गाडीवाले हिंदू होते. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना टांग्यात बसवायला टांगेवाले तयार नव्हते, तेही हिंदूच. बडोद्यात १९१७ साली त्यांना काठ्या घेऊन खाणावळीतून हुसकावले ते पारशांनी. बाबासाहेब एका धर्माविरुद्ध फिर्याद मांडत नाहीत. अस्पृश्यता हिंदू धर्मशास्त्रात जन्मली आणि शेजारच्या प्रत्येक समाजात मुरली, हे ते दाखवतात. जो हिंदूला अस्पृश्य, तो पारशालाही आणि मुसलमानालाही अस्पृश्य ठरतो. रोग कुठला हे त्यांनी कधीच लपवले नाही.

आणि दुसरी बाजूही इतिहासातच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरवायची होती तेव्हा मांडवासाठी जागा द्यायला सवर्ण हिंदू तयार नव्हते. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगडावर गेले होते. म्हणजे तळे आणि किल्ला हे दोन्ही आमच्या चळवळीत एकाच दौऱ्यात येतात. त्याआधी साठ वर्षे पाहा. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला. ज्याने हौद उघडला त्यालाच कुळवाडीभूषण राजा दिसला. ज्यांनी हौदावर पहारा बसवला त्यांना गोब्राह्मणप्रतिपालक दिसला. राजा एकच, पाहणाऱ्यांचे हितसंबंध वेगळे.

किल्ला म्हणजे मुळात पाण्याची सोय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहण्याचा सल्ला आहे, झरा असला तरी त्यावर विसंबू नका, कातळ फोडून टाकी करा असे बजावले आहे. हे शहाणपण खरेच आहे. पण गडावरचे टाके कोणी खोदले? वेठीला कोण होते? किल्ल्याच्या रखवालीला ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग सगळेच नेमलेले असत, इंग्रज इतिहासकारांनीही ते नोंदवले आहे. मात्र घेऱ्यातली, रानातली, रात्रीची राखण कोणाच्या वाट्याला येई हे सांगायला नको. त्याही आधीचा चोखोबा आठवा. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. संताची समाधी पंढरपूरच्या पायरीशी आहे. ज्या गावकुसाखाली तो मेला त्याच्या आत राहायचा अधिकार त्याला नव्हता.

आता अंबागड. तुमसरहून पंधरा किलोमीटरच्या आत, सातपुड्याच्या रांगेतल्या टेकडीवर, सागाच्या रानात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, त्याच्या सरदाराने, राजाखान पठाणाने हा किल्ला बांधला. बख्त बुलंदाने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता. पण त्याचे राज्य गोंडांचेच राहिले. म्हणजे या एका टेकडीवर गोंड आहे, पठाण आहे आणि पुढे नागपूरकर भोसले आहेत. एका झेंड्यात बसवायचे तर कसे बसवणार?

भोसल्यांच्या काळात अंबागडाचा वापर तुरुंग म्हणून झाला. आतल्या विहिरीचे पाणी साचलेले, विषारी होते, आणि ज्या कैद्याला संपवायचे त्याला तेच पाणी पाजत, असे गॅझेटियरातही आहे आणि लोकांच्या तोंडीही आहे. आम्ही ती विहीर पाहत उभे होतो तेव्हा आमच्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, एके ठिकाणी पाणी प्यायले म्हणून शिक्षा आणि एके ठिकाणी पाणी पाजणे हीच शिक्षा. त्यावर आजोबा आपल्या बोलीत म्हणाले, “आमच्या लहानपनी पाटलाची बाई वरून पानी ओते, आमी खाली ओंजर धरून पेत होतो. ओंजरीतून सांडलं ते सांडलं, दुसऱ्यांदा मागाची सोय नाई.” मुलांना हे ऐकून धक्का बसला. त्यांच्या पिढीला नळाचे पाणी ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, सिहोऱ्याजवळचा चांदपूरचा तलाव पाहायला दुरून माणसे येतात. पाण्याची कमतरता आमच्या भागात कधीच नव्हती. कमतरता होती ती ओतणाऱ्या हाताच्या मर्जीची.

आमच्यातल्या काहींना गोंड राजवट ही समतेची राजवट होती असे म्हणायला आवडते. ब्राह्मणी राज्याच्या तुलनेत तिथे जातीचा काच किती सैल होता, यावर जरूर अभ्यास व्हावा. पण बुरुज बांधणारी कोणतीही सत्ता वेठ आणि वसुलीवरच उभी असते. शोषित समाजांनी दुसऱ्यांचे राजे उसने घेऊन आपला इतिहास मोठा करण्याची गरज नाही. शिवाय इतिहास काही १९३४ ला किंवा भोसल्यांवर संपत नाही. तुमसरहून भंडाऱ्याला निघाले की मधे मोहाडी तालुका लागतो. खैरलांजी त्याच तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांना मारून कालव्यात टाकले. ज्या पिढीला तेव्हा कळायला लागले होते ती पिढी आज तिशीत आहे. आम्ही त्यातलेच. सहलीतल्या लहान मुलांना हे पहिल्यांदा सांगावे लागले, आणि ते सांगायला किल्ल्याच्या तटावरची ती जागा आम्हाला योग्य वाटली.

दुसऱ्या दिवशी तुमसर रोडहून रेल्वे, गोंदियाला गाडी बदलून दरेकसा, आणि मग रानातून चालत कचारगड. गुहा प्रचंड आहे. आशियातली सर्वांत मोठी, असे तिथे ऐकायला मिळते. मोजपट्टी घेऊन वाद घालण्यात आम्हाला रस नाही. कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाचे हे आदिस्थान आहे. कंकालीची तेहतीस मुले या गुहेत मोठ्या शिळेआड कोंडली गेली होती, जंगो रायताड आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले, हिरासुका पाटालीर या वादकाने संगीताने त्यांच्यात बळ आणले आणि सुटकेच्या वेळी तो स्वतः त्याच शिळेखाली सापडून मेला, अशी कथा आहे. सांगण्याचे पाठ वेगवेगळे आहेत. पुढे लिंगोने समाजाला गोत्रांची व्यवस्था घालून दिली. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतून लाखांनी लोक येतात. आम्ही जत्रा उलटून गेल्यावर गेलो, त्यामुळे निवांत होते. खालच्या गावातल्या एका दादाने आम्हाला वाट दाखवली. त्याने ‘जय सेवा’ म्हटले, आम्ही ‘जय भीम’ म्हटले, आणि परतताना दोन्हीकडून दोन्ही झाले.

गुहेत उभे असताना आमच्यातल्याच एका मित्राने वाद काढला. म्हणाला, एवढी मोठी गुहा, डोंगर, पाणी, वाटेवरची जागा, हे नक्कीच बौद्ध भिक्खूंचे ठिकाण असणार, पुढे इतरांनी घेतले. हा तर्क आपल्या लोकांत फार चालतो, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देतो.

बौद्ध लेणे हे कोरलेले असते. त्यात चैत्य असतो, विहाराच्या खोल्या असतात, दगडी ओटे असतात, पाण्याची पोढी असते, आणि कित्येकदा दान देणाऱ्याचे नाव ब्राह्मी अक्षरांत असते. कचारगडची गुहा निसर्गाने केली आहे. आत छिन्नीची कारागिरी नाही, स्तूप नाही, लेख नाही. उद्या भिक्खू तिथे पावसाळ्यापुरते राहिल्याचा पुरावा निघाला तर तो तेव्हा मांडू. आज जे आहे ते गोंडांच्या स्मृतीत आहे, आणि ती स्मृती जिवंत आहे. तिच्यावर आपल्या नावाची पाटी लावायची म्हणजे नेमके तेच करायचे, जे आपल्या बाबतीत झाले.

काय झाले ते वेरूळलाच पाहा, जिथे बाबासाहेब त्या सहलीत निघाले होते. चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आहेत. दहाव्या लेण्यातल्या चैत्यातला बुद्ध ‘विश्वकर्मा’ झाला, लेणे ‘सुतार का झोपडा’ झाले. पाचवे लेणे, लांबच लांब दालन आणि मधे दोन रांगांत दगडी ओटे असलेले, ते आजही ‘महारवाडा’ म्हणून ओळखले जाते. आणि बर्जेससारख्या इंग्रज अभ्यासकांनी दक्षिणेकडच्या या सुरुवातीच्या बौद्ध लेण्यांचे स्थानिकांच्या तोंडचे नाव नोंदवले ते ‘ढेडवाडा’. दौलताबादच्या हौदावर जी शिवी मिळाली, तीच शिवी थोड्याच अंतरावरच्या बुद्धाच्या घराला नाव म्हणून चिकटलेली होती. नाशिकच्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात, हे तर शाळेच्या पुस्तकातूनही जात नाही. नाव बदलले की मालक बदलतो. पूजा बदलते, मग फलक बदलतो, आणि दोन पिढ्यांनी खऱ्या वारसालाच पुरावा मागितला जातो.

गोंड समाजावर हाच प्रयोग आज दुसऱ्या बाजूने चालू आहे. त्यांच्या देवांना हिंदू देवांचे अवतार ठरवण्याचा खटाटोप आपण रोज पाहतो. अशा वेळी बौद्धांनी शेजारी म्हणून काय करायचे? त्यांच्या गुहेवर आपला दावा सांगायचा की त्यांचा दावा टिकावा म्हणून त्यांच्या बाजूला उभे राहायचे? आमच्या त्या मित्राने वाद सोडला नाही, गाडीतही चालू ठेवला, आणि ते बरेच झाले, कारण अर्धा डबा त्यात ओढला गेला. सालेकशाला चढलेले एक गोंड शिक्षक शेवटी म्हणाले, आमच्यातही असे लोक आहेत की जे तुमचे स्तूप आमच्या राजांचे म्हणतात, त्यांनाही हे ऐकवा.

बाबासाहेबांनी दौलताबादचा हिशेब कसा केला तेही पाहण्यासारखे आहे. १९३४ ची ती वाट ज्या येवल्यावरून गेली, त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आणि ज्या औरंगाबादच्या वाटेवर हौदाला हात लावू दिला नाही, त्याच औरंगाबादेत १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज उभे केले. मराठवाड्यातल्या सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना ते खुले होते, त्यांत मुसलमानही होते. मलिक अंबर, जो गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, त्याने याच शहराला नहरीचे पाणी दिले होते, ही गोष्टही त्या मुलांनी तिथेच ऐकली असेल.

पुढची सहल पवनीची ठरली आहे. वैनगंगेच्या काठी तिथे तट आहे, खंदक आहे, आणि ज्याला आज जगन्नाथ टेकडी म्हणतात तो स्तूप आहे. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांनी तिथे उत्खनन केले, मुचलिंद नागाचे शिल्प असलेला स्तंभ मिळाला. त्यांचा अहवाल नागपूर विद्यापीठाने १९७२ साली छापला आहे. त्याची एक प्रत मिळवून आधी पाच संध्याकाळी विहारात वाचायची, मग निघायचे, असे ठरले. जगन्नाथ हे नाव टेकडीला कधी आणि कसे पडले हा प्रश्न त्या भांडखोर मित्राकडेच सोपवला आहे, आणि आजोबांनी यावेळी पाण्याची कॅन आपणच उचलणार असे आधीच सांगून ठेवले आहे.